कानांनी वाचलेली पुस्तकं

मी पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या आहेत, पण त्यांतली एकही कधी हातात धरली नव्हती. माझे हात रिकामे नसतात. आमच्याकडे कवळ्या बनतात. दवाखान्यातून माणसाच्या हिरड्यांचा ठसा येतो, त्यावरून प्लॅस्टरचा साचा निघतो, साच्यावर मेणाची कड चढते आणि त्या मेणात एकेक दात बसवायचं काम माझं. मेण मऊ असतं तोवरच दात हलवता येतो, म्हणून डोळे आणि बोटं तिथून काढता येत नाहीत. कान मात्र दिवसभर मोकळे. त्या मोकळ्या कानांनी मी परग्रहांवर जाऊन आले, पाताळात उतरले, आणि तरीही मला कुणी वाचक म्हणायला तयार नसेल तर त्याने खुशाल समोर येऊन बोलावं.

आमच्याकडे माणसं मोजकीच. खिडकीपाशी मी. माझ्या मागे काका. ते प्लॅस्टर ओततात, साचे काढतात आणि संध्याकाळपर्यंत भुवयांसकट पांढरे होतात. आतल्या खोलीत मालक, डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा, तयार कवळीवर शेवटचा हात फिरवणारे. आणि दाराजवळच्या टेबलावर रेडिओ.

रेडिओ म्हणजे माणूस. खरा रेडिओ आधी होता, कपाटावर. तो बिघडला आणि मालक 'आज दुरुस्त करू, उद्या करू' म्हणत राहिले. त्याच सुमाराला मेणाच्या कडा करायला एक मुलगी कामाला लागली. तिशीतली, भाऊ-वहिनीकडे राहणारी, अंगाने काडी. तिच्या हाताला कामाचं वळण नव्हतं ते नव्हतंच. कड कधी जाड, कधी एका बाजूला उतरलेली. तसल्या कडेवर दात बसवणं म्हणजे उतारावर खुर्च्या मांडण्यातला प्रकार. मी रोज तिच्या नावाने बोटं मोडायचे. पण एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन बसली होती आणि काका म्हणाले, "मनातल्या मनात काय वाचतेस, आम्हालाही ऐकव की." तिने ऐकवलं. सुट्टी संपली तरी कुणी जागचं उठलं नाही.

त्या आठवड्यातच ठरून गेलं. सकाळभर तिने वाचायचं आणि तिच्या वाटच्या कडा काकांनी आणि मी मिळून करायच्या. पॉलिशचं मशीन कर्कश, म्हणून ते जेवणानंतरच लावायचं. मालक आधी कुरकुरले, "मी पगार हाताला देतो की तोंडाला?" दुसऱ्याच दिवशी ते आपली खुर्ची ओढत आमच्या खोलीत आले, आत उजेड कमी पडतो म्हणे. इतकी वर्षं तो बरा पुरत होता.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण राक्षस बोलायला लागला की काका ओले साचे टेबलाच्या कडेपासून आत सरकवायचे, आणि एखादी म्हातारी बोलली की 'हो गं बाई' म्हणून मोकळे व्हायचे. कामावर आल्या आल्या आम्ही म्हणायचो, "चला, रेडिओ लावा." ती हसायची आणि खुणेचा कागद काढायची.

पुस्तकांवरून मात्र आमच्यात पहिल्यापासून दोन तट. मला विज्ञानकादंबऱ्या लागतात, काकांना पुराणांच्या वळणाच्या. देव, असुर, शाप, पाताळनगरी, उडते रथ. शेवटी तह झाला, एक माझं आणि एक त्यांचं. मालकांना दोन्ही चालायचं, कारण ते ऐकतच नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं.

मला विज्ञानकथा का आवडते ते सांगते. तिथे कुणाला काही फुकट मिळत नाही. यानातली हवा संपत आली तर ती संपतेच, कुणीतरी उठून नळी जोडावी लागते. आमच्या धंद्यातही दात उंच बसला तर घासावा लागतो, कुणाच्या आशीर्वादाने तो खाली जात नाही. पण या लेखकांचं एक मला खुपतं. ते ग्रहाचं वजन सांगतील, इंजिनाची ताकद सांगतील, आणि यानातल्या बाईला घरची आठवण येते का हे विचारलं की घसा खाकरून पुढच्या प्रकरणात जातील.

काकांच्या कादंबऱ्यांत आठवणींना तोटा नाही, अकलेला आहे. एका राजाने रागाच्या भरात आपलं अख्खं राज्य अंगठीत बंद करून टाकलं. मी विचारलं, "मग नद्या वाहून कुठे गेल्या?" काका म्हणाले, "अंगठीतच." म्हटलं, "आणि त्याने हात धुतले तर?" काका दातओठ खात म्हणाले, "तुझ्या यानाला तरी कोण ढकलतं? कुणीतरी 'इंधन' म्हणतं आणि तू मान डोलावतेस. तू पाहिलंयस ते इंधन?" यावर मी त्यांना प्लॅस्टर घट्ट झाल्याचं सांगितलं. एक मात्र खोटं बोलणार नाही. त्या पुस्तकांत शाप देणारासुद्धा जाता जाता उःशाप देऊन जातो. आमच्या यानांत तशी सोय नसते, आणि कधीकधी मला ती हवीशी वाटायची.

माझी सगळ्यांत लाडकी कादंबरी एका बाईची होती. ती दूरच्या ताऱ्याकडे जाते आणि परत येते. यानाचा वेग इतका, की तिच्यासाठी थोडीच वर्षं गेलेली असतात आणि इथे अख्खं आयुष्य उलटून गेलेलं असतं. ती तरुणच, आणि तिची धाकटी बहीण म्हातारी. ती घराच्या दारात येते, पण दार वाजवत नाही. बुटांना परक्या ग्रहाची धूळ आहे, ती घरात नको, म्हणून पायपुसण्यावर पाय पुसत राहते. पुसतच राहते. मग दार आपोआप उघडतं आणि ती म्हातारी धाकटी म्हणते, "ताई, किती उशीर केलास. पाय काय पुसतेस, आत ये." रेडिओने हे वाचलं तेव्हा मी ढसाढसा रडले होते. हातातला दात वाकडा बसला आणि मेण गार झालं. काकांनीसुद्धा प्लॅस्टर ढवळायचं थांबवलं होतं, आणि पुस्तक तर माझ्या पार्टीचं होतं.

मग रेडिओचा आवाज बसला. आम्ही आधी चेष्टाच केली. काका म्हणायचे, "खरखर येतेय, तार हलवा जरा." तिने गरम पाणी घेतलं, गुळण्या केल्या, गळ्याला रुमाल बांधला. खरखर जाईना. एका सकाळी राजकन्येच्या तोंडून नुसतीच हवा आली आणि रेडिओ पुस्तक मिटून बसली. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं, तर स्वरतंतूवर गाठ. गाठ साधी होती, जिवाला धोका नव्हता, पण कापून काढावी लागणार होती. आवाज पहिल्यासारखा येईल का, हे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "बघू."

शस्त्रक्रिया झाली. एक अक्षरही बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, अशी सक्त ताकीद घेऊन ती पुन्हा कामावर आली. गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली आणि खिशात खडू. दाराजवळच्या टेबलावर बसून कडा करू लागली. कडा होत्या तशाच, एका बाजूला उतरलेल्या.

थोड्या दिवसांनी ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली आणि पाटी पुढे केली. 'भावाने खोक्यांच्या गोदामात काम बघितलंय. तिथे बोलावं लागत नाही. महिना संपला की जाईन.'

मालकांनी दोन्ही चष्मे काढले. "तुला जा कोण म्हणालं?"

तिने पुसून लिहिलं, 'कुणी नाही. पण मी इथे होते ती वाचण्यासाठी. माझ्या कडा तुम्हाला माहीत आहेत.'

मालकांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा मोठा दुर्गुण. ते तिच्या कडांकडे बघत राहिले. मला इतका राग आला की मी उठून खिडकी उघडली आणि पुन्हा लावली.

अर्धवट राहिलेलं पुस्तक काकांचं होतं. एका सारथ्याला शाप असतो, की ज्या रस्त्याने रथ हाकशील तो रस्ता विसरशील. तो राजाला लढाईवर सोडायला जातो आणि मग घरी कसं परतायचं ते त्याला आठवत नाही. रेडिओने इथवर वाचलं होतं. त्या सारथ्याने अंधारात घोड्यांच्या मानेवर कपाळ टेकून त्यांनाच रस्ता विचारला होता, आणि काकांनी प्लॅस्टरच्या हाताने डोळे पुसून घेतले होते. आता त्यांनी ते पुस्तक माझ्यासमोर आणून आपटलं.

"तू वाच."

"मी? पुराण? आणि दात कोण बसवेल, तुमचा सारथी?"

"मी बसवतो," मालक म्हणाले. ते ऐकत नसतात ना, पण हे बरोबर ऐकलं त्यांनी.

मी वाचायला लागले. माझा आवाज म्हणजे नळाला पाणी आल्याचं ओरडून सांगायचा. पण दोष त्याचा नव्हता, पुस्तकाचाच होता. सारथ्याला दुःख झालं. मग त्याने तप केलं. मग देव प्रसन्न झाला. मग देवाने विचारलं, काय पाहिजे. घोड्यांचं नाव नाही, रात्रीचं नाव नाही. काका चुळबुळ करत होते. शेवटी म्हणाले, "तू मुद्दाम गाळतेस. तुला पुराण आवडत नाही म्हणून."

"काका, उचलली जीभ लावली टाळ्याला! ओळ न् ओळ वाचतेय मी."

"मग हा लेखक अचानक असा कसा बिघडला?"

"तो पहिल्यापासूनच बिघडलेला असेल," मी म्हटलं, आणि तेव्हा मला कल्पनाही नव्हती की मी किती खरं बोलतेय. रेडिओ मेणावर वाकली होती. तिचे कान लाल झाले होते.

त्याच रविवारी मी धाकट्या जावेकडे गेले. ती शाळेत शिकवते आणि डोळ्यांनी वाचणारी आहे. माझी ती लाडकी कादंबरी मी तिच्या मागे लागून वाचायला लावली होती. जेवणाच्या टेबलावर तिने ते पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, "वहिनी, तुमचं ते पायपुसणं कुठेय यात?"

"शेवटाकडे बघ."

"बघितलं. दोनदा बघितलं."

"पानं गाळत असशील. तुम्हा मास्तरणींना घाईच फार."

तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी ते हातात घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि शेवटचं प्रकरण स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. तिथे लिहिलं होतं, 'ती घरी परतली. बहीण आता वृद्ध झाली होती.' त्याच्या पुढच्या ओळीपासून इंधनाच्या टाकीचा अहवाल सुरू. पायपुसणं नाही. धूळ नाही. 'ताई, किती उशीर केलास' नाही. मी मागे गेले, पुढे गेले, मलपृष्ठसुद्धा वाचलं. ज्या दारापाशी उभी राहून मी रडले होते ते दार त्या पुस्तकात कधी नव्हतंच.

पहिल्यांदा मला रागच आला. एवढी वर्षं ही पोरगी आम्हाला बनवत होती, आणि आम्ही आपले माना डोलावत होतो! त्या लेखकाला मी मनातल्या मनात किती आशीर्वाद दिले होते, तेही सगळे वाया. मग जावेने चहा आणून ठेवला आणि विचारलं, "काय हो, मग ते पायपुसणं लिहिलं कुणी?" आणि माझा राग जागच्या जागी विरघळला. कारण उत्तर मला माहीत होतं, आणि उत्तर महिन्याच्या शेवटी खोकी बांधायला निघालं होतं.

सोमवारी मी रेडिओला हात धुवायच्या बेसिनपाशी गाठलं. "पायपुसणं पुस्तकात नाहीये," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. तिने पाटीवर हळूहळू लिहिलं, 'रागावलात?'

"आधी सांग, अजून काय काय नाहीये?"

तिने पाटी पुसली. मग लिहिलं, 'जिथे तुम्ही रडलात ते बहुतेक नाही. जिथे काका हसले तेही. तिथे काहीतरी हवं होतं, लेखक विसरला होता. मी वाचता वाचता घालत गेले.' पुसून पुन्हा लिहिलं, 'फसवायचं नव्हतं.'

काका मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. त्यांनी पाटी वाचली. "घोड्यांचं?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. "घोड्यांचं पण तूच?" काका आपल्या जागेवर गेले. जेवणापर्यंत तिथून नुसता प्लॅस्टर ढवळल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, माणूस दुखावला. आणि दुखावला होताच. ते घोडे त्यांनी आपल्या नातवंडांनाही सांगितले होते, मोठमोठ्या ऋषींचं नाव लावून.

जेवणानंतर मालकांनी मशीन लावायला हात पुढे केला तेव्हा काका म्हणाले, "थांबा." मग रेडिओकडे वळून म्हणाले, "मग तो घरी पोचतो का?"

तिने खांदे उडवले.

"म्हणजे काय? तुलाच माहीत असणार ना!"

तिने लिहिलं, 'मोठ्याने वाचताना सुचायचं. आवाज नाही तर सुचतही नाही.' लिहिताना खडू मोडला.

त्या मोडक्या खडूकडे बघून मला गलबलून आलं. आवाज गेला तर रेडिओ काय, दुसराही आणता येईल. पण ही म्हणत होती की आवाजाबरोबर सगळंच गेलं, ती म्हातारी बहीण, ते घोडे, सगळं. आणि ती ते मान्य करून गोदामाकडे निघाली होती. मला असं मान्य करणाऱ्या माणसांची चीड येते. "तुझ्या तोंडाला सुचत होतं की तुला?" मी म्हटलं. "तोंड काय, आम्ही इथे रोज नवीन बनवतो."

मालक हसले. काका नाही हसले. ते म्हणाले, "हे बघ, सारथी रस्त्यात उभा आहे. त्याला तिथे टाकून तुला जाता येणार नाही. घरी बसून लिही. ही वाचेल. तो घरी पोचला की मग तुला जायचं तिथे जा."

पहिली पानं तिने आणली ती अगदी आखडलेली होती, पाहुण्यांसमोर बसल्यासारखी. मी वाचली, काकांनी जांभई दिली. तिने ती परत घेतली, आणि दुसऱ्या दिवशीची बरी होती. तिसऱ्या खेपेला तर काका 'हो गं बाई' म्हणाले, आणि मी तिच्याकडे पाहिलं; तिने पटकन तोंड फिरवलं, पण आनंद काही गालांना लपवता आला नाही. ती समोर बसून हाताने मला खुणा करायची, इथे हळू, इथे थांब, इथे नको ओरडूस. तिच्या गोष्टीतले घोडे म्हातारे झाले. सारथ्याने त्यांना कुरणात सोडून दिलं आणि रस्ता आठवणारं आता कुणीच उरलं नाही. मी पुराणाची वैरीण, पण मला रात्री झोपताना वाटायचं, आता हा करणार काय?

मधेच एक दिवस तिची वहिनी येऊन गेली, डबा विसरला होता म्हणून. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुमच्याशी तरी बोलते का हो ती? डॉक्टरांनी केव्हाच परवानगी दिलीय. रोज थोडं थोडं बोला म्हणालेत, नाहीतर घसा तसाच आखडून बसेल. घरात एक शब्द काढत नाही. भाऊ हात जोडून थकला."

मी तडक जाऊन तिला विचारलं. ती वहिनीवर चिडली, मग माझ्यावर चिडली. मग लिहिलं, 'जो आवाज येईल तो माझा नसेल. मला तो ऐकायचा नाही.' मी खूप समजावलं, ओरडले, शेवटी विनवलंसुद्धा, जे मी सहसा करत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तिने पाटी पुसली आणि गळ्यातली दोरी अशी घट्ट धरली, जणू मी ती हिसकावून घेणार होते.

महिना संपायचा दिवस आला. तिने शेवटची पानं आणली होती आणि टेबल आवरून ठेवलं होतं. मेणाच्या सुऱ्या धुऊन, पुसून, एका ओळीत. काकांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मालक दोन्ही चष्मे कपाळावर चढवून बसले, म्हणजे त्यांना समोरचं काहीच दिसत नसणार. मी वाचायला बसले. ही पानं संपली की सारथी घरी पोचणार आणि ही दाराबाहेर पडणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गोष्टीत सारथी एका कड्याच्या टोकाला आला होता. पुढे रस्ता नाही, घोडे नाहीत, घर ढगांच्या पलीकडे. मी वाचलं, 'तो रथात जाऊन बसला. संध्याकाळ झाली. रथ उचलला गेला.'

मी थांबले. पुढची ओळ पाहिली. तिथे रथ ढगांत पोचलासुद्धा होता.

नंतर काका मला पुष्कळदा म्हणाले की तू ते मुद्दाम केलंस, तू पक्की आहेस. खरं सांगते, मुद्दाम नव्हतं. मला राहवलंच नाही. ज्या गोष्टीसाठी मी जीव मुठीत धरून बसले होते तिथे रथ नुसता 'उचलला गेला'? कसा? कुणी? मी पुन्हा मागे आले आणि वाचलं, "रथ उचलला गेला, कारण त्याच्या तळाला चार नळ्या बसवलेल्या होत्या. सारथ्याने इंजिनाचा खटका दाबताच नळ्यांतून निळ्या ज्वाळा..."

"नळ्या नाहीत!"

आम्ही सगळे दाराकडे वळलो. मला वाटलं बाहेरून कुणी पुरुष ओरडला. दारात कुणी नव्हतं. रेडिओ उभी होती, खुर्ची मागे पडलेली, चेहरा रागाने लाल. "रथाला इंजिन नाही!" ती म्हणाली. "हे मी लिहिलेलं नाही!"

जाड, घोगरा, मधेच फाटणारा आवाज. पहिल्या आवाजाचा त्यात मागमूस नव्हता. तिला ते आमच्यानंतर कळलं. तिचा हात गळ्याकडे गेला आणि डोळे मोठे झाले, आणि ती अशी घाबरली की मला उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी उठले नाही. मी विज्ञानकथावाली बाई आहे आणि माझा प्रश्न अजून तसाच होता.

"इंजिन नाही तर उडतो कसा?" मी म्हटलं.

तिने पाटी शोधली, ती गळ्यातच होती. खडू शोधला, तो खाली पडून टेबलाखाली गेला होता. तिने एकदा काकांकडे पाहिलं. मग गळ्यातली दोरी काढून पाटी टेबलावर ठेवली.

"सारथी रस्ता विसरतो," ती म्हणाली. प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता. "पण घरची माणसं विसरत नाहीत. ती रोज संध्याकाळी अंगणात येऊन त्याला हाक मारतात. रथ त्या हाकेवर चढतो."

काका प्लॅस्टरने भरलेले हात तसेच पुढे धरून बसले होते. ते त्यांच्या बोटांवर घट्ट होत चाललं होतं.

"नुसत्या हाकेवर?" मी म्हटलं. "आणि हाक पोचली नाही तर?"

"म्हणून तर ती मोठ्याने मारायची असते," ती म्हणाली, आणि आवाज फाटला, आणि ती खाकरून पुन्हा म्हणाली, "एकदा नाही पोचली तर पुन्हा मारायची. त्याच्या म्हाताऱ्या आईचा तर घसा बसलाय, तरी ती..."

"हे यात लिहिलेलं नाही," मी पानं उलटून बघत म्हटलं.

"आत्ता सुचलं."

"पण त्या आईला कुणी..."

"तू गप्प बस गं जरा," काका माझ्यावर ओरडले. "तिला बोलू दे."

मी गप्प बसले. सारथी त्या दिवशी घरी पोचला नाही, कारण आईनंतर तिला सारथ्याची बायको सुचली, आणि बायकोनंतर त्याचा शेजारी.